कोडोलीत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

इंजिनचा ब्लॉक ओतताना साच्यात आधी वाळूचे कोअर बसवतात. वितळलेला धातू त्यांच्या भोवतीने भरतो. तो थंड झाला की कोअर फोडून वाळू बाहेर काढतात, आणि कोअरच्या जागी जी पोकळी उरते तेच सिलिंडरभोवतीचं वॉटर जॅकेट. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत हे काम रोज चालतं. मोटारींची आणि ट्रॅक्टरची ओतकामं हा कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा धंदाच आहे. वाळू काढण्यासाठी ब्लॉकला ठेवलेली गोल भोकं नंतर पातळ पत्र्याच्या बुचांनी बंद करतात. गॅरेजमध्ये त्यांना वेल्श प्लग म्हणतात. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या इंजिनातला असा प्लग काढून बघा. बाहेरून धडधाकट दिसतो. उलटा केला की आत तांबड्या गंजाचे पापुद्रे, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा टेकवलं तर आरपार. गाडीखाली सकाळी ओघळ दिसतो, रेडिएटर कोरडा ठणठणीत असतो, आणि मालक विचारत बसतो, गळतंय कुठून?

कूलंट कशासाठी घालायचं, याचं निम्मं उत्तर त्या प्लगच्या आतल्या बाजूला असतं. कारण कोडोलीच्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न रास्त आहे. कूलंटला मूळ नाव अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घालायचं रसायन. आपल्याकडे वारणेच्या काठी डिसेंबरच्या पहाटे स्वेटर घालावा लागतो इतकंच; पाणी कुठं गोठतंय? मग दर लिटरला एवढे पैसे मोजून इंजिनात घालायचं काय, आणि का?

एकेकाळी या भागात इंजिन म्हटलं की मोटारीचं नव्हे, विहिरीवरचं. संथ फिरणाऱ्या त्या ऑइल इंजिनला रेडिएटर नसायचाच. पंपाने उपसलेल्या पाण्यातूनच एक बारीक पाइप काढून इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायचा, गरम झालेलं पाणी पाटात सोडून द्यायचं. ऊस भिजायचा आणि इंजिनही थंड राहायचं. कोल्हापुरात अशी इंजिनं बनवणारे कारखाने होते, आणि त्या इंजिनांनी दोन पिढ्या काढल्या. “आमच्या आजोबांनी कधी कूलंट घातलं नाही” हे वाक्य तिथून येतं, आणि ते खरंही आहे. पण त्या इंजिनाच्या भिंती जाड बिडाच्या, वेग कमी आणि पाणी सतत ताजं, त्यामुळे ते कोमटच राहायचं. आजच्या मोटारीत तेच पाच-सहा लिटर पाणी वर्षानुवर्षं फिरत असतं, नव्वद ते शंभर अंशांवर, दाबाखाली, ॲल्युमिनियमच्या अरुंद नळ्यांतून. आजोबांचं इंजिन आणि नातवाची स्विफ्ट यांच्यात पाणी सोडलं तर समान काही नाही.

पेट्रोल-डिझेलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला कूलिंगच्या पाण्याला उचलावा लागतो. ही उष्णता उचलण्यात साध्या पाण्याचा हात कुणी धरत नाही. हे दुकानदार सांगणार नाही, पण निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असं मिश्रण साध्या पाण्यापेक्षा पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी उष्णता वाहून नेतं. म्हणजे “कूलंट घातलं की इंजिन जास्त थंड राहतं” ही समजूत शब्दशः घेतली तर चूक आहे.

मग उकळण्याचं काय? पन्नास टक्के मिश्रण उघड्या भांड्यात साधारण 107 अंशांना उकळतं, पाणी 100 ला. फरक सात अंशांचा. रेडिएटरचं झाकण मात्र एकटं वीस अंश मिळवून देतं. त्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तो म्हणजे झाकण किती दाबापर्यंत आतली वाफ कोंडून धरेल ते. 1.1 च्या झाकणाखाली साधं पाणीही 120 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं मिश्रण 130 च्या जवळपास. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे 970 मीटरवर. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून उघड्यावर पाणी 97 अंशांना उकळतं, लेहला तर 88 च्या आसपास. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर महागातलं महाग कूलंट घालूनही घाटात वाफ निघणार. गाडी गरम होते म्हणून कूलंटचा ब्रँड बदलणारे पुष्कळ भेटतात. झाकण बदलून बघणारे थोडे, आणि ते स्वस्तात सुटतात.

तर गोठण्याची भीती नाही, उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस, उकळण्याचं काम बरंचसं झाकण करतं. कूलंटच्या बाटलीत उरलं काय? उरतं ते महत्त्वाचं. ग्लायकोल आणि रंग सोडला तर कूलंटमध्ये काही टक्के रसायनं असतात, गंजरोधक. इंजिनात बीड, ॲल्युमिनियम, पोलाद, तांबं-पितळ, झाळकामाचं शिसं अशा वेगवेगळ्या जातींचे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात, म्हणजे बॅटरीसाठी लागतं ते सगळं तिथं हजर. पाणी जितकं खारट, तितकी ही नको असलेली बॅटरी जोरात चालते आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, तेव्हा गंज सावकाश चालायचा आणि भिंत जाड असायची. आता हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, आणि मारुतीच्या के-सिरीजसारख्या इंजिनांत ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचाच. रेडिएटरच्या नळीची भिंत तर पोस्टकार्डापेक्षा फार जाड नसते.

गंजरोधकांच्या तीन घराण्यांवर सगळी निवड ठरते. जुनं घराणं अजैविक क्षारांचं. सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट. सिलिकेट ॲल्युमिनियमवर चटकन एक पातळ थर चढवतं, सगळीकडे, गरज असो वा नसो. संरक्षण तत्काळ, पण साठा लवकर संपतो. दोन वर्षं, फार तर तीन. दुसरं घराणं सेंद्रिय आम्लांच्या क्षारांचं, ज्याला डब्यावर ओएटी असं लिहितात. हे सगळीकडे थर देत बसत नाही. जिथं गंज सुरू होतो नेमकं तिथं जाऊन चिकटतं. म्हणून खर्च कमी, आयुष्य पाच वर्षं किंवा त्याहूनही अधिक. तिसरं घराणं संकरित: सेंद्रिय आम्लं मुख्य आणि जोडीला थोडं सिलिकेट किंवा थोडं फॉस्फेट.

या “किंवा”मागे मोठी मौज आहे. युरोपातल्या मोटार कंपन्या फॉस्फेटला नाकं मुरडतात, जपानी आणि कोरियन कंपन्या सिलिकेटला. युरोपात बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटची गाठ पडली की खडूसारखा साका बसतो आणि नळ्या तुंबतात. म्हणून त्यांनी फॉस्फेट काढून सिलिकेट ठेवलं. जपानचं पाणी मऊ, त्यांना फॉस्फेटची अडचण आली नाही. उलट सिलिकेटमुळे वॉटर पंपाचं सील झिजतं अशी त्यांची तक्रार, म्हणून त्यांनी सिलिकेट काढलं. दोघंही आपापल्या पाण्यापुरते बरोबर. म्हणजे टोयोटा-सुझुकीचं कूलंट आणि फोक्सवागन-स्कोडाचं कूलंट यांतला फरक मुळात टोकियो आणि म्युनिकच्या नळाच्या पाण्यात आहे. मग कोडोलीच्या पाण्याचं काय, हा प्रश्न ओघाने येतो. त्याच्याकडे वळण्याआधी रंगाचा निकाल लावू.

स्पेअर पार्टच्या दुकानात फळीवर हिरव्या, लाल, निळ्या, गुलाबी बाटल्या ओळीने उभ्या असतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, हिरवं द्या.” दुकानदारही विचारत नाही, गाडी कुठली? रंग म्हणजे निव्वळ डाय. ग्लायकोलला आणि गंजरोधकांना स्वतःचा असा रंग नसतो. गळती झाली तर ओळखू यावी आणि पाणी समजून कुणी पिऊ नये म्हणून तो मिसळतात. कुठल्याही मानकात अमुक रसायनाला अमुकच रंग असं बंधन नाही. पूर्वी हिरवं म्हणजे जुनं घराणं आणि लाल-नारिंगी म्हणजे सेंद्रिय असा एक ढोबळ संकेत होता, तो केव्हाच मोडला. टोयोटाचं गुलाबी, होंडाचं निळं, ह्युंदाईचं वर्षानुवर्षं हिरवं. तिघांत फॉस्फेट असू शकतं. फोक्सवागन गटाचं जी11 निळसर हिरवं होतं, जी12 लाल-गुलाबी झालं आणि पुढे जी13 जांभळं. सुझुकीच्या पुस्तकात निळं “सुपर” आणि हिरवं “स्टँडर्ड” अशी दोन वेगळी नावं सापडतात आणि दोघांच्या बदलण्याच्या मुदतीही वेगळ्या. तेव्हा “माझ्यात हिरवं आहे, हिरवंच घाला” हा सल्ला गाडीच्या रंगावरून पेट्रोल की डिझेल ठरवण्याइतकाच भरवशाचा.

बघायचं ते गाडीच्या हँडबुकमध्ये. शेवटच्या काही पानांत तेलांच्या तक्त्याशेजारी कूलंटची एक ओळ असते आणि तिथं कंपनीचा स्वतःचा कोड किंवा मानक दिलेलं असतं. बाटलीच्या मागच्या बाजूला तेच शोधायचं. भारतात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर आयएस 5759, जपानी जेआयएस के 2234 आणि अमेरिकी एएसटीएम डी 3306 हे आकडे नेहमी दिसतात. ते किमान लायकी सांगतात, घराणं सांगत नाहीत. घराणं कंपनीच्या कोडवरून कळतं. “सर्व गाड्यांसाठी चालेल” असं लिहिलेली बाटली वाईटच असते असं नाही. वॉरंटी संपलेल्या जुन्या गाडीत पूर्ण धुऊन, जुनं सगळं काढून अशी एक चांगली बाटली घातली आणि वेळेवर बदलली तर इंजिन तक्रार करणार नाही. पण वॉरंटीतल्या गाडीत मी कंपनीच्या कोडाबाहेर जाणार नाही. पाच वर्षांत वाचणारे पैसे एका हेड गॅस्केटच्या मजुरीइतकेही नसतात.

दोन घराणी मिसळली तर लगेच दही होतं असं गॅरेजमध्ये सांगतात. होतं कधीकधी; सिलिकेट साका धरून बसतं आणि रेडिएटरच्या तळाशी जेलीसारखा गाळ सापडतो. बहुतेक वेळा मात्र दिसण्यासारखं काहीच होत नाही. पाच वर्षांचं कूलंट गुपचूप दोन वर्षांचं होऊन बसतं आणि मालक पाचव्या वर्षाची वाट पाहत राहतो. जनरल मोटर्सने 1990 च्या दशकाच्या मध्यावर नारिंगी रंगाचं सेंद्रिय कूलंट मोठ्या जाहिरातीने आणलं, तेव्हा अमेरिकेत चिखलासारख्या गाळाच्या तक्रारी आल्या आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पातळी खाली जाऊन आत हवा शिरली की गाळ धरतो, असं तेव्हा पुढे आलेलं एक कारण. म्हणून रिझर्व्हच्या बाटलीवरच्या दोन रेघा, किमान आणि कमाल, यांच्यावर महिन्यातून एकदा नजर टाकणं हे ब्रँडच्या चर्चेपेक्षा उपयोगाचं.

आता पाणी. वारणेच्या पट्ट्यात बोअरचं आणि विहिरीचं पाणी काळ्या कातळातून झिरपत येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन. घराघरातल्या गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्याच्या कडेला जो पांढरा थर बसतो तो त्याचाच. गरम झाल्यावर या पाण्यातले क्षार विद्राव्य राहत नाहीत, जिथं सगळ्यात जास्त गरम तिथंच ते बसतात. म्हणजे नेमके सिलिंडर हेडच्या एक्झॉस्ट वॉलच्या बाजूला, जिथून उष्णता सगळ्यात लवकर निघायला हवी. हा थर बिडाच्या तुलनेत वीस-पंचवीस पटींनी कमी उष्णता जाऊ देतो. काट्यावर तापमान नॉर्मल दिसतं आणि हेडचा तेवढाच कोपरा भाजत असतो.

एकदा बोअरचं पाणी घातलं तर त्यातले क्षार एकदाच बसून संपतात, त्याने फारसं बिघडत नाही. घात होतो तो टॉपअपने. पाण्याची वाफ होते, क्षार मागेच राहतात. मग पुन्हा तांब्याभर पाणी, पुन्हा नवे क्षार. दर आठवड्याला तांब्या ओतणाऱ्याच्या इंजिनात दोन वर्षांत अख्ख्या टाकीभर पाण्याचे क्षार जमा झालेले असतात. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेला साखर कारखाना कोडोलीच्या दारातच आहे. तिथल्या बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही विचारा, कच्चं बोअरचं पाणी बॉयलरला घालतात का? साखर कारखान्यात वाफेचं थंड केलेलं पाणी परत बॉयलरला वापरतात ते काटकसरीसाठी जितकं, तितकंच नळ्या वाचवण्यासाठी. मोटारीचं हेड हा त्या मानाने चिमुकला बॉयलर, पण तर्क तोच.

म्हणून कॉन्सन्ट्रेट घेतलं तर त्यात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मिसळावं. आरओचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं, पण त्यात थोडे क्लोराइड शिल्लक असतात आणि ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडायचं काम क्लोराइडच करतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवून वापरणारेही आहेत. ते क्षारमुक्त असतं खरं, पण धूळ आणि कॉइलवरची घाण घेऊन येतं. या सगळ्या खटाटोपापेक्षा माझं मत सरळ आहे: कोडोलीसारख्या ठिकाणी तयार मिश्रण घ्यावं, ज्यावर रेडी टू यूज लिहिलेलं असतं. थोडे पैसे जास्त गेले तरी पाण्याचा प्रश्नच निकालात निघतो.

किती दाट, हेही ठरवावं लागतं. इथल्या हवेला तीस ते पस्तीस टक्के ग्लायकोल भरपूर झालं. तेवढ्यानेही ते उणे सोळा-सतरा अंशांपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांना एवढं चालतं. थंडीत स्पितीला जायचा बेत असेल तर पन्नास टक्के, ते उणे सदतीसपर्यंत टिकतं. दाट तितकं चांगलं असं मात्र नाही. निव्वळ ग्लायकोल उणे तेरा अंशांनाच गोठतं, म्हणजे निम्म्या मिश्रणापेक्षा लवकर, आणि उष्णताही कमी नेतं. ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानांचं मर्लिन इंजिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकोलवर थंड होत असे. पुढे त्यांनी दाबाखालचं मिश्रण आणलं, सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकोल. युद्धात ठरलेलं ते प्रमाण आपल्या उन्हाळ्याला बरोबर बसतं. उलट पंचवीस टक्क्यांच्या खाली गेलात तर गंजरोधक इतके विरळ होतात की घातलं काय, न घातलं काय.

स्वस्त बाटलीत नुसतं रंगीत पाणी तर नाही ना, हे कसं ओळखायचं? ग्लायकोल पाण्यापेक्षा जड. कॉन्सन्ट्रेट खरं असेल तर एक लिटरचं वजन 1100 ग्रॅमच्या आसपास भरतं, रंगीत पाण्याचं हजार. डेअरीवर दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरचं तत्त्वच इथं लागू पडतं, आणि कूलंटसाठी तसाच हायड्रोमीटर वेगळा मिळतो. वारणा दूध संघाच्या मुलखात घरोघरी लॅक्टोमीटर सापडेल, पण तो यात बुडवायचा नाही. का ते पुढे येतंच आहे.

कोडोलीत बर्फ पडत नाही असं वर म्हटलं खरं, पण आजकाल गावातल्या पुष्कळ टॅक्सींच्या बॉनेटखाली बर्फ व्हायची सोय असते. सीएनजी टाकीत 200 बार दाबाने भरलेला असतो. रेड्यूसरमध्ये त्याचा दाब एकदम उतरतो तेव्हा तो इतका गार पडतो की रेड्यूसर गोठून गाडी बंद पडावी. ते टाळायला इंजिनातल्या गरम कूलंटच्या दोन नळ्या बहुतेक रेड्यूसरमधून फिरवलेल्या असतात. बाहेरून किट बसवलं असेल तर त्या नळ्या टी जोडून काढलेल्या असतात, आणि प्रत्येक नवा क्लॅम्प म्हणजे गळतीची एक नवी जागा. किट बसवून आलेली गाडी महिनाभराने गरम व्हायला लागली तर गॅसला दोष देण्याआधी हे क्लॅम्प बघावेत. किट बसवताना कूलंट सांडलं आणि भरताना नुसतं पाणी भरलं, असंही सर्रास घडतं.

डिझेलवाल्यांचं आणि ट्रॅक्टरवाल्यांचं गणित वेगळं. गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर कारखान्याच्या आवारात रांगेत तासन्‌तास धडधडत असतात. अनेक ट्रॅक्टर आणि ट्रकच्या इंजिनांत लायनर थेट कूलंटमध्ये बुडालेला असतो. प्रत्येक स्फोटाला लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या भिंतीला लागून पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. तो फुटण्याचा घाव इतका बारीक आणि इतका सतत असतो की बिडाच्या भिंतीला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात, आणि एक दिवस तेलाच्या डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसतो. यासाठी जड इंजिनांच्या कूलंटमध्ये नायट्राइटसारखी वेगळी रसायनं असतात. मोटारीसाठीची बाटली ट्रॅक्टरमध्ये ओतली की ती मिळत नाहीत. शेतात ट्रॅक्टर आणि दारात मोटार असणाऱ्यांनी दोन वेगळे कॅन ठेवावेत हे बरं. आणि ट्रॉलीमागून जाणाऱ्या मोटारीच्या रेडिएटरच्या जाळीत बाहेरून पाचटाचा भुसा आणि धूळ गच्च बसते, तिथं कुठलंही कूलंट हात टेकतं. हवेच्या झोताने किंवा बेताच्या पाण्याने आतून बाहेर जाळी धुवावी लागते.

बदलायचं कधी? घराण्याप्रमाणे आणि पुस्तकाप्रमाणे, किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी येईल ते. टोयोटाचं गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंट पहिल्यांदा 1,60,000 किलोमीटरला बदलायला सांगतात आणि त्यानंतर दर 80,000 ला. दुसरी मुदत निम्मी, कारण फ्लश कितीही केलं तरी कानाकोपऱ्यात थोडं जुनं राहतंच. ग्लायकोल हळूहळू हवेने आणि उष्णतेने कुजून आम्लं तयार होतात. गंजरोधक शिल्लक आहेत तोवर ती निष्प्रभ होतात. ते संपले की जे कूलंट इंजिन वाचवत होतं तेच ते खायला लागतं. जुनं कूलंट बाटलीत घेऊन उजेडात धरलं आणि ते चहासारखं दिसलं तर मुदतीची वाट बघू नये. भरताना हवा काढायला विसरू नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं की बुडबुडे निघतात आणि पातळी उतरते. त्यात पुन्हा भर घालायची. हवा अडकली तर नवंकोरं कूलंट असतानाही पहिल्याच चढाला काटा वर जातो, आणि मग मिस्त्री थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकायचा सल्ला देतो. तो सल्ला मानू नका. वॉल काढला की काटा खाली राहतो, पण इंजिनही कायम गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतं.

काढलेलं कूलंट गटारीत किंवा गोठ्याच्या बाजूला ओतायचं नाही. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आहे आणि विषारी आहे. कुत्री-मांजरं ते चाटतात. मोठ्या माणसाच्याही जिवावर बेतायला शंभरेक मिलिलिटर पुरतं. पोटात गेल्यावर आधी दारू चढल्यासारखं वाटतं, नंतर यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात खडे धरतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडते. उतारा आहे, पण तो दवाखान्यात आणि लवकर. याच कुटुंबातलं डायएथिलीन ग्लायकोल कूलंट आणि ब्रेक ऑइलमध्ये वापरतात. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ते ग्लिसरीनमध्ये भेसळ होऊन रुग्णांच्या पोटात गेलं आणि 14 जणांचा बळी गेला. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. म्हणून दुधाच्या किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उरलेलं कूलंट भरून खिडकीत ठेवू नये, आणि लॅक्टोमीटर तर त्यात मुळीच बुडवू नये.

एक प्रसंग उरतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला किंवा मे महिन्यात आंबा घाटातून कोकणात जाताना काटा लालवर गेला, जवळ कूलंट नाही. एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा आणि गाडी बाजूला घ्या. वाफ निघत असेल तर इंजिन बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही. आत 110-115 अंशांचं पाणी दाबाखाली आहे, झाकण सुटताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. निवल्यावर फडकं टाकून अर्धं फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून इंजिन सुरू करून थोडं थोडं घाला. पिण्याच्या बाटलीतलं पाणी असलं तरी बिनधास्त घाला, दुसऱ्या घराण्याचं कूलंट कुणी दिलं तरी तेही चालेल. त्या घडीला रसायनशास्त्रापेक्षा पातळी महत्त्वाची. किती पाणी घातलं ते लक्षात ठेवा आणि घरी परतल्यावर त्याच आठवड्यात सगळं काढून गळती शोधा, कारण बंद सर्किटमधलं कूलंट आपोआप कमी होत नाही. बाहेर कुठं ओल दिसत नसेल तर ऑइलची डिपस्टिक काढून बघा, आणि तीही स्वच्छ असेल तर सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या धुराचा वास घ्या: गोडसर लागला तर हेड गॅस्केट.